सर्वांची, म्हणून कोणाचीच नव्हे!
उत्तर अमेरिकेच्या मैदानांवरील हस्तभाषेची कहाणी

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील ब्राउनिंग या गावी ४ ते ६ सप्टेंबर १९३० या तीन दिवसांत एक आगळीवेगळी परिषद भरली होती. ब्लॅकफूट जमातीच्या राखीव प्रदेशात भरलेल्या या परिषदेला निरनिराळ्या मूलनिवासी जमातींचे वयोवृद्ध प्रतिनिधी जमले होते. त्यांच्या मातृभाषा परस्परांहून सर्वस्वी भिन्न होत्या. तरीही त्यांनी एकमेकांची ओळख करून घेतली, गोष्टी सांगितल्या, थट्टामस्करी केली आणि जुन्या आठवणी काढल्या. हे सारे त्यांनी हातांनी केले. समोर चित्रपटाचा कॅमेरा सुरू होता आणि त्याच्याजवळ उभा होता ह्यू स्कॉट नावाचा सत्तरी ओलांडलेला निवृत्त सेनापती. तरुण पिढी ही भाषा शिकत नाही, ती लवकरच नाहीशी होईल, तेव्हा निदान तिची नोंद तरी राहावी, हे त्याने आपल्या प्रास्ताविकात सर्वांना हातांनीच सांगितले.

त्या परिषदेत दिसलेली भाषा कधी काळी कॅनडातील गवताळ मैदानांपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत, सुमारे २६ लाख चौरस किलोमीटरच्या प्रदेशात समजली जात असे. डझनभर भाषाकुळांतील सदतीस-अडतीस भाषा बोलणाऱ्या जमातींनी ती आपलीशी केली होती. ही खूणभाषा जाणणाऱ्यांची संख्या १८८५ च्या सुमारास एक लाख दहा हजारांहून अधिक असावी, असा त्या काळच्या एका अभ्यासकाचा अंदाज होता. एवढा मोठा विस्तार असलेली ही भाषा जन्मली कशी, चालली कशी आणि मावळली का, हे समजून घेण्याजोगे आहे. कारण कोणत्याही भाषेला खरा आधार कशाचा असतो, या प्रश्नाचे उत्तर तिच्या कहाणीत सापडते.

नावाचा घोटाळा

आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. जुन्या इंग्रजी ग्रंथांत ‘इंडियन साइन लँग्वेज’ हे शब्द आढळतात, तेव्हा बहुतेक वेळा त्यांचा भारताशी काहीही संबंध नसतो. कोलंबसाच्या चुकीमुळे अमेरिकेच्या मूलनिवासींना ‘इंडियन’ हे नाव चिकटले आणि ते त्यांच्या खूणभाषेलाही लागले. आपल्या देशातील कर्णबधिरांची ‘भारतीय सांकेतिक भाषा’ ही पूर्णपणे स्वतंत्र भाषा असून तिच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी २०१५ मध्ये नवी दिल्लीत केंद्र सरकारची संस्था स्थापन झाली आहे. हा घोटाळा टाळण्यासाठी अमेरिकेतील भाषेला अभ्यासक ‘प्लेन्स इंडियन साइन लँग्वेज’ म्हणजे मैदानी मूलनिवासींची खूणभाषा म्हणतात. तिचे सुटसुटीत नाव ‘हँड टॉक’, अर्थात हस्तभाषा.

शेजारी राहूनही परके

हस्तभाषेची गरज का भासली, हे कळण्यासाठी त्या मैदानांचे भाषिक चित्र डोळ्यांसमोर आणावे लागेल. मराठी आणि कन्नड या शेजारच्या भाषा दोन वेगळ्या कुळांतील आहेत. तरीही शतकानुशतकांच्या सहवासाने त्यांच्यात पुष्कळ देवाणघेवाण झालेली आहे. अमेरिकेच्या मैदानांवर अशी दोन नव्हे, तर अनेक कुळे एकमेकांना खेटून नांदत होती. लकोटा आणि क्रो यांच्या भाषा सूअन कुळातील, शायेन, अरापाहो आणि ब्लॅकफूट यांच्या अल्गोंक्वियन कुळातील, पॉनींची कॅडोअन कुळातील, तर कोमांची आणि शोशोनी यांच्या भाषांचे नाते थेट मेक्सिकोतील अॅझ्टेकांच्या भाषेशी जुळणारे. कायोवांची भाषा या साऱ्यांहून वेगळ्याच कुळातील.

त्यातच या जमातींपैकी अनेक जमाती सतत फिरत्या होत्या. बायसन, म्हणजे तिकडचा रानगवा, हे त्यांचे अन्न, वस्त्र आणि निवारा. त्याच्या कळपांमागे माणसांनाही फिरावे लागे. स्पॅनिश लोकांनी आणलेले घोडे मैदानांवर पसरले, तशी ही भ्रमंती कैक पटींनी वाढली. उत्तरेकडील वनप्रदेशातून शायेन आणि लकोटा मैदानात उतरले, तर पर्वतांकडून कोमांची दक्षिणेस आले. काल ज्यांचे नावही ठाऊक नव्हते, ते आज शिकारीच्या वाटेवर समोर उभे ठाकू लागले. समोरचा मित्र की शत्रू, तो कोठून आला, त्याला काय हवे, हे त्वरित जाणून घेणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

शिवाय व्यापार होताच. मिसुरी नदीकाठी मँडन आणि हिडाट्सा या शेती करणाऱ्या जमातींची मोठी गावे होती. तेथे मका देऊन कातडी घ्यायची, कातडी देऊन घोडे घ्यायचे, असा व्यवहार चाले व दूरदूरच्या जमाती तेथे येत. अशा ठिकाणी एखाद्या बलाढ्य जमातीची भाषा सर्वांची संपर्कभाषा होते, हा जगाचा सर्वसाधारण अनुभव आहे. येथे मात्र तो मान कोणाच्याच जिभेला मिळाला नाही. तो मिळाला हातांना. हस्तभाषा वापरताना कोणालाही दुसऱ्याची बोली स्वीकारण्याचा कमीपणा घ्यावा लागत नव्हता. हा तिच्या प्रसाराला अनुकूल असा फार मोठा गुण होता.

उगम दक्षिणेत?

या भाषेचा जन्म नेमका कधी झाला, याविषयी विद्वानांत बराच काळ वाद होता. युरोपीय आल्यानंतर, त्यांच्याशी आणि घोड्यांमुळे वाढलेल्या नव्या संपर्कातून ती निर्माण झाली, असे एक मत होते. तथापि अगदी सुरुवातीच्या स्पॅनिश प्रवाशांची साक्ष वेगळे काही सांगते.

इ. स. १५२८ मध्ये एका स्पॅनिश मोहिमेची वाताहत होऊन तिचे काही लोक आजच्या टेक्सासच्या किनाऱ्याला लागले. त्यांपैकी केवळ चौघे वाचले. काबेझा दे वाका हा त्यांतील एक आणि मोरोक्कोतून गुलाम म्हणून आणलेला एस्तेबानिको हा दुसरा. आठ वर्षे पायी भटकत ते १५३६ मध्ये मेक्सिकोतील आपल्या लोकांपर्यंत पोहोचले. १५४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात काबेझा दे वाकाने लिहिले आहे, की वाटेत असंख्य भाषा लागल्या, त्यांतील सहा आम्हांला येत होत्या, पण त्या सर्वत्र उपयोगी पडत नसत. खुणांनी मात्र प्रश्न आणि उत्तरे अशी चालत, की जणू दोन्ही बाजूंची भाषा एकच आहे. १५४१ मध्ये कोरोनाडोची मोहीम दक्षिणेकडील मैदानांत शिरली, तेव्हा तिच्या वृत्तांतकारानेही तेथील शिकारी लोक खुणांत इतके तरबेज आहेत की दुभाष्याची गरजच पडत नाही, असे नोंदवून ठेवले आहे.

युरोपीय माणसांचे पाय नुकतेच लागत असताना ही अवस्था असेल, तर ती कला आधीपासून रुजलेली असली पाहिजे, हे उघड आहे. म्हणूनच मेक्सिकोच्या आखाताचा टेक्सासकडील किनारा आणि त्यालगतची दक्षिणेकडील मैदाने हे तिचे मूळ स्थान असावे, असे आज अनेक अभ्यासक मानतात. हा प्रदेशही लहानलहान आणि एकमेकींशी नाते नसलेल्या भाषांनी गजबजलेला होता. तेथून ती उत्तरेकडे सरकली. घोड्यांनी तिला जन्म दिला नाही. पण तिला वेग दिला, असे म्हणता येईल.

पुढे १८०५ च्या ऑगस्टमध्ये ल्युइस आणि क्लार्क यांची सुप्रसिद्ध मोहीम रॉकी पर्वतात शोशोनी जमातीला भेटली, तेव्हाही पहिली बोलणी खुणांनीच झाली. मोहिमेतील जॉर्ज ड्रूयार हा शिकारी या कामात निष्णात होता. त्याचा पिता फ्रेंच-कॅनेडियन आणि माता शॉनी जमातीची. आतापर्यंत भेटलेल्या साऱ्या जमातींना ही भाषा समजते, तिच्यात चुका होऊ शकतात. पण वाटतात तितक्या होत नाहीत, असा निर्वाळा ल्युइसने आपल्या रोजनिशीत दिला आहे.

दोन बोटांचा स्वार

या भाषेतील खुणांचे काही नमुने पाहण्यासारखे आहेत. डाव्या हाताच्या तळव्याच्या कडेवर उजव्या हाताची दोन बोटे मांड ठोकल्यासारखी बसवली की झाला घोडेस्वार. डोक्याच्या दोन्ही बाजूंना बोटे शिंगांसारखी वाकवली की बायसन. कपाळावरून आडवे बोट फिरवले की टोपीची कड, अर्थात टोपीवाला गोरा माणूस. दोन बोटे जोडून चेहऱ्याशेजारून वर नेली की मित्र. एकत्र वाढलेले दोन भाऊ, ही त्यामागची कल्पना.

जमातींची नावेही अशीच होती. एका तर्जनीवर दुसरी तर्जनी वारंवार आडवी ओढली की शायेन, गळ्यावरून सपाट हात फिरवला की सू (लकोटा व त्यांचे भाऊबंद), पंखांसारखे हात फडफडवले की क्रो, कानाशेजारी दोन बोटे उभी धरून लांडग्याचे कान दाखवले की पॉनी.

अमूर्त गोष्टींसाठी योजलेल्या खुणा तर अधिकच मार्मिक आहेत. हृदयापाशी आडवा धरलेला हात सरळ रेषेत बाहेर नेला की ‘चांगले’, म्हणजे हृदयाशी समतल असलेले. मूठ खाली झटकून उघडली की ‘वाईट’, म्हणजे फेकून देण्याजोगे. तोंडापासून एक बोट सरळ पुढे नेले की ‘खरे’. दोन बोटे फाकवून बाजूला नेली की ‘खोटे’. खरे बोलणाऱ्याची जीभ एक, लबाडाच्या जिभा दोन! ‘दुतोंडी’ हा शब्द ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या माणसाला ही खूण समजावून सांगावी लागत नाही.

नव्या वस्तू आल्या तशा नव्या खुणाही आल्या. गोऱ्या व्यापाऱ्यांबरोबर कॉफी आली आणि डाव्या हातावर उजवी मूठ जात्यासारखी फिरवून कॉफी दळण्याची खूण रूढ झाली. जिवंत भाषेचे हे लक्षणच होय.

संकेत आणि भाषा

येथे एक शंका साहजिकच येईल. हे सारे अभिनयासारखे आहे. त्याला भाषा का म्हणावे? आपल्याकडे जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात धरून, बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत होती. तीही हातांचीच. परंतु तिच्यात आकड्यांपलीकडे काही सांगता येत नाही. शिवाय तिचा हेतू व्यवहार इतरांपासून लपवण्याचा. तो संकेत झाला. मर्यादित खुणांपासून अमर्याद आशय निर्माण करता येतो, तेव्हा संकेताची भाषा होते.

हस्तभाषेत हे सामर्थ्य होते. प्रश्न विचारायचा तर प्रथम उघडा पंजा समोर धरून मनगटातून हलवायचा. ती प्रश्नाची खूण वाक्याच्या आरंभी येते. ‘तुझे वय काय’ हे विचारताना खुणांचा क्रम असा : प्रश्न, किती, तू, हिवाळा. दोन्ही मुठी छातीशी धरून कुडकुडल्यासारख्या हलवल्या की हिवाळा, आणि वर्षे मोजायची ती हिवाळ्यांनी. प्रवासाचे अंतर मोजायचे ते झोपांनी, म्हणजे वाटेत किती मुक्काम पडले यावरून. हे व्याकरण कोणत्याही एका बोलभाषेवरून उतरवलेले नव्हते. लकोटा आणि कोमांची यांच्या वाक्यरचना काहीही असोत, हातांची रचना हातांचीच होती.

परंतु गोऱ्या प्रवाशांना हे सहजी उमगले नाही. मुंबई इलाख्याच्या फौजेत काही वर्षे काढलेला आणि पुढे अरबी कथांच्या भाषांतराने गाजलेला रिचर्ड बर्टन १८६० मध्ये अमेरिकेतून प्रवास करीत होता. अरापाहो लोकांची बोली इतकी तोकडी आहे की अंधारात त्यांना एकमेकांशी नीट बोलताच येत नाही, असे त्याने आपल्या १८६१ च्या ग्रंथात लिहून टाकले. वस्तुतः अरापाहो ही अत्यंत गुंतागुंतीचे क्रियापद-व्याकरण असलेली समृद्ध भाषा आहे. हातांनी बोलणारा माणूस तोंडाने बोलण्यास असमर्थ असला पाहिजे, हा त्यामागचा गैरसमज. पुढे गॅरिक मॅलरी या अभ्यासकाने त्याचे खंडन केले. पण तो पुरता गेला नाही. हॉलिवूडच्या चित्रपटांतील हात वर करून एखादा शब्द पुटपुटणारा ‘इंडियन’ हा त्या गैरसमजाचाच वंशज होय.

घरातली भाषा

परक्याशी बोलण्याचे साधन एवढीच हस्तभाषेची ओळख दिली, तर ती अपुरी ठरेल. शिकारीत आवाज न करता बोलण्यासाठी, टेहळणीवर असताना दुरून निरोप देण्यासाठी तिचा उपयोग होई. एकाच जमातीचे, एकाच बोलीचे लोकही गोष्टी रंगवताना, भाषणात, विधींमध्ये तिचा वापर करीत. तोंडाने बोलत असताना हातांनीही तेच सांगण्याची पद्धत अनेक वृद्ध कथेकऱ्यांत होती.

लांबलचक आणि गुंतागुंतीचा प्रसंग तिच्यात किती सविस्तर सांगता येतो, याचे एक उदाहरण इतिहासात नोंदलेले आहे. १८७६ च्या जून महिन्यात लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लकोटा, शायेन व त्यांच्या मित्रांनी कस्टर या अमेरिकी सेनाधिकाऱ्याच्या तुकडीचा धुव्वा उडवला. लढाईत सहभागी असलेल्या रेड हॉर्स या लकोटा योद्ध्याने १८८१ मध्ये तिची हकिकत एका अमेरिकी लष्करी डॉक्टरला सांगितली, ती हस्तभाषेत. सोबत त्याने चाळीसहून अधिक चित्रेही काढून दिली. मूलनिवासींच्या बाजूने त्या लढाईकडे पाहण्यासाठी इतिहासकार आजही ज्या साधनांकडे वळतात, त्यांत या हकिकतीचे स्थान महत्त्वाचे आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचा उपयोग कर्णबधिरांना होता. ऐकू न येणारे मूल जन्माला आले की बहुतेक समाजांत पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच, की याच्याशी बोलायचे कसे. घरात कोणालाच खूणभाषा येत नाही. आईवडील आपल्यापरीने हातवारे करीत राहतात आणि मुलाची भाषा शिकण्याची मोलाची वर्षे निघून जातात. आपल्याकडे आजही असंख्य घरांत हेच घडते. मैदानांवर हस्तभाषा जाणणाऱ्या कुटुंबात मात्र ऐकणाऱ्या माणसांना ती आधीच अवगत असे. बधिर मुलाला आजोबांची गोष्ट कळे, चावडीवरच्या गप्पांत बसता येई, परक्या जमातीचा पाहुणा आला तर त्याच्याशीही बोलता येई. इतरांसाठी जी दुसरी भाषा होती, ती या मुलांची मातृभाषा होती. पुढे ही गोष्ट फार निर्णायक ठरली.

१८८० चे वर्ष

योगायोग असा, की या भाषेचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला त्याच सुमारास तिच्यावर आणि एकूणच खूणभाषांवर संकट कोसळले.

६ मार्च १८८० रोजी गॅरिक मॅलरी यांनी यूट जमातीच्या सात जणांना वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मूकबधिर महाविद्यालयात (आजचे गॅलॉडेट विद्यापीठ) नेले आणि तितक्याच विद्यार्थ्यांशी त्यांची गाठ घालून दिली. दोन्ही बाजूंनी हातांनी गोष्टी सांगितल्या आणि त्या पुष्कळ अंशी परस्परांना कळल्या. यावरून साऱ्या खूणभाषा मुळात एकच, असा निष्कर्ष कोणी काढील तर ते चूक ठरेल. त्या भिन्न असतात, हे आता सिद्ध झालेले आहे. परंतु वेगवेगळ्या जगांतील चौदा माणसे शब्दावाचून एकमेकांच्या गोष्टी ऐकत होती, हे दृश्य विलक्षण खरेच.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये इटलीतील मिलान शहरी बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. बधिर मुलांना खुणा न वापरता केवळ ओठांवरून बोलणे ओळखण्यास व तोंडाने बोलण्यास शिकवावे, असा ठराव तिने केला. मतदान करणाऱ्यांत जवळजवळ सारे ऐकणारे होते. या ठरावाने जगभरच्या शाळांतून खूणभाषांची हकालपट्टी सुरू झाली. तिच्या एकच वर्ष आधी, १८७९ मध्ये, पेनसिल्व्हानियातील कार्लाइल येथे मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा उघडली होती. मुलांना घरापासून दूर आणायचे, केस कापायचे, नाव बदलायचे आणि मातृभाषा बोलली तर शिक्षा करायची, हा तिचा शिरस्ता पुढे अशा अनेक शाळांनी गिरवला. मूलनिवासी आणि बधिर असे दोन्ही असलेल्या मुलाच्या हातांवर अशा रीतीने दोन्ही बाजूंनी बंधने आली.

दरम्यान मैदानांवरचे जगणेच उलथून गेले होते. कोट्यवधींच्या संख्येने असलेले बायसन १८८० च्या दशकाच्या अखेरीस काही शेकड्यांवर आले. जमाती राखीव प्रदेशांत कोंडल्या गेल्या. परक्या जमातीला भेटण्याचे प्रसंग उणावले आणि जे उरले, त्यांत निवासी शाळांतून शिकून आलेल्या पिढीची सामाईक भाषा इंग्रजी झाली. पूर्वी हातांना मिळालेला मान आता सत्ताधाऱ्यांच्या जिभेने घेतला.

चित्रफितीतील हात

या भाषेची नोंद करणाऱ्यांत लष्करी अधिकारी अग्रभागी असावेत, हा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे. विल्यम फिलो क्लार्क या कॅप्टनने १८७६-७७ च्या मोहिमेत अनेक जमातींच्या टेहळ्यांचे नेतृत्व केले. भिन्न भाषांची ती माणसे शेकोटीभोवती बसून हातांनी निवांत गप्पा मारतात, हे पाहून तो थक्क झाला आणि ही भाषा शिकला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८८५ मध्ये निघाला. आजही तो प्रमाणभूत मानतात. ह्यू स्कॉटही तरुणपणी मैदानांवरील पलटणीत असतानाच हस्तभाषा शिकला होता. १९३० च्या परिषदेसाठी अमेरिकी संसदेने त्याला पाच हजार डॉलरचे अनुदान दिले. सहभागी झालेल्यांच्या पावलांचे ठसे काशात ओतून ते ब्राउनिंग येथे स्मारक म्हणून वर्तुळाकार बसवण्यात आले. स्कॉटला पुढे खुणांचा चित्रपटरूप कोश करायचा होता. काही शेकडा खुणा चित्रित झाल्या. परंतु १९३४ मध्ये त्याचे निधन झाले आणि काम अपुरे राहिले. त्या चित्रफिती आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

याच काळात दुसरीकडे एक विसंगत दृश्य दिसत होते. अर्नेस्ट थॉम्प्सन सेटन यांचे १९१८ चे आणि विल्यम टॉम्किन्स यांचे १९२६ चे पुस्तक यांच्याद्वारे हस्तभाषा बालवीर चळवळीत जाऊन पोहोचली. गोरी मुले शिबिरांत शेकोटीभोवती बसून हौसेने या खुणा शिकत होती. आणि ज्यांच्या आजोबांची ती भाषा, त्या मुलांना निवासी शाळेत आजोबांची कोणतीच भाषा वापरण्याची मुभा नव्हती.

विद्वत्तेच्या जगातही तिच्या वाट्याला उपेक्षा आली. १९६० मध्ये ला मॉन्ट वेस्ट या संशोधकाने हस्तभाषेची रचना उलगडणारा प्रबंध इंडियाना विद्यापीठाला सादर केला. राखीव प्रदेशांत हिंडून, अजून ही भाषा जाणणाऱ्या वृद्धांना भेटून त्याने तो सिद्ध केला होता. त्याच वर्षी विल्यम स्टोकी यांचे अमेरिकी बधिरांच्या खूणभाषेवरील छोटे पुस्तक निघाले आणि खूणभाषा याही पूर्ण अर्थाने भाषाच आहेत, हा विचार त्यातून हळूहळू जगन्मान्य झाला. वेस्टचा प्रबंध मात्र अप्रकाशित राहून ग्रंथालयात पडला.

कोणी राखली?

एखाद्या जमातीची बोली संकटात आली की ‘ही आमची भाषा’ म्हणून तिच्यासाठी धावून येणारे कोणी तरी असते. लकोटांनी लकोटासाठी, ब्लॅकफूटांनी ब्लॅकफूटसाठी शाळा काढल्या, कोश केले. हस्तभाषेचे तसे झाले नाही. ती सर्वांची होती, म्हणूनच ती कोणा एकाची नव्हती. जो तटस्थपणा तिच्या प्रसाराला कारण झाला, तोच तिच्या पडत्या काळात तिला नडला. संपर्काचे साधन म्हणून स्वीकारलेली भाषा, त्याहून सोयीचे साधन मिळताच बाजूला ठेवली जाते. हा व्यवहाराचा न्याय आहे आणि तो निष्ठुर आहे.

असे असूनही ती पूर्णपणे नाहीशी झाली नाही. ज्यांच्यासाठी ती सोय नव्हती, गरज होती, त्यांच्यात ती टिकली. मूलनिवासी कुटुंबांतील बधिर माणसे, त्यांचे ऐकणारे आप्त, आणि कथा व विधी यांच्यासाठी तिचा आग्रह धरणारे वृद्ध यांनी ती राखली. एकविसाव्या शतकात जेफ्री डेव्हिस या भाषावैज्ञानिकाने जुन्या चित्रफिती व नोंदी धुंडाळून आणि आज ती वापरणाऱ्यांना भेटून २०१० मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. मेलनी मॅके-कोडी या चेरोकी वंशाच्या, स्वतः बधिर असलेल्या विदुषीने तर आपले सारे संशोधन याच विषयाला वाहिले आहे. ही मैदानांवरची एकच भाषा नसून खंडभरच्या मूलनिवासी खूणभाषांचे एक मोठे कुटुंब आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. २०१९ मध्ये कॅनडाने केलेल्या कायद्यात तेथील बधिरांच्या प्रमुख भाषा म्हणून इतर दोन खूणभाषांबरोबर मूलनिवासी खूणभाषांनाही मान्यता देण्यात आली. ज्या भाषेच्या मृत्युलेखाची तयारी १९३० मध्ये झाली होती, तिचे नाव नव्वद वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आले, ही घटना लहान नव्हे.

हस्तभाषा जाणणारे आज फार थोडे आहेत आणि त्यांतील बरेचसे वयस्क आहेत, हे वास्तव लपवण्यात अर्थ नाही. तथापि तिच्या कहाणीतून आपणही काही घ्यावे असे आहे. भाषेचे मोल आपण हल्ली तिच्या उपयोगावर ठरवतो. कोणत्या भाषेने नोकरी मिळेल, कोणत्या भाषेने जगाशी बोलता येईल, हा आपला हिशेब असतो. त्या हिशेबात सर्वांत उपयोगी ठरलेली, अडीचशे लाख चौरस किलोमीटरच्या दशांशाहून मोठ्या मुलखात चाललेली भाषा दोनतीन पिढ्यांत मागे पडली. आणि जी थोडी उरली, ती बाजारातून किंवा तहाच्या बैठकांतून नव्हे. ती उरली, ऐकू न येणाऱ्या मुलाशी बोलण्यासाठी आईने, आजोबांनी उचललेल्या हातांतून.